ओवाळणीतलं लायसन

कुंडलिक गोजरला राज्याचं लायसन पाहिजे होतं. एवढंच पाहिजे होतं त्याला, दुसरं काही नाही.

आटगावच्या बाजूला कोणालाही विचारा, बांधकामातला असा खडूस माणूस शहापूर तालुक्यात दुसरा नाही, हे तो तुम्हाला चहा पाजून सांगेल. शाळेच्या खोल्या, दोन अंगणवाड्या, तानसाकडच्या रस्त्यावरच्या लहान पुलासारख्या मोऱ्या, स्मशानातली शेड, हे सगळं कुंडलिकनं उभं केलेलं. स्लॅबवर पाणी मारायला बाई आली नाही तर हा स्वतः पाइप घेऊन वर चढणार. सिमेंटच्या गोणीत हात घालून बघणार आणि गठळी लागली की टेम्पोवाल्याला आई-बापासकट आठवणार. धाऊ म्हणून त्याचा जुना गवंडी, तो म्हणायचा, "शेठ, भित सरकारची हाय, तुज्या सासऱ्याची नाय." त्यावर कुंडलिक भिंत सरळ आहे का ते ओळंबा लावून परत बघायचा आणि दोन थर उतरवायला लावायचा. धाऊ शिव्या घालत उतरवायचा, पण सोडून कधी गेला नाही.

पण ही सगळी कामं लहान, जिल्हा परिषदेची. मोठी कामं, म्हणजे राज्याच्या रस्त्यावरचे पूल वगैरे, ती बांधकाम खात्याची. तिथं टेंडर भरायचं तर राज्याची नोंदणी लागते. जिल्ह्याचं लायसन तिथं कोणी हुंगतसुद्धा नाही.

आणि त्या वर्षी पूल येणार होता. कुंडलिकच्याच गावाखाली, नदीवर. माती तपासणारे येऊन भोकं पाडून गेले होते. कुंडलिक रोज सकाळी त्या भोकांपाशी जाऊन उभा राहायचा. घरी येऊन बायकोला, रेश्माला म्हणायचा, "माझ्या गावचा पूल भायेरचा कोन येऊन बांधनार आनि मी त्याच्याकडं मानसं पुरवनार? हॅट! मरन परवडलं."

त्याच्या या हट्टापायी मनस्वीनं कल्याणची नोकरी सोडली. मनस्वी त्याची एकुलती एक लेक, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. नोंदणीसाठी ठेकेदाराकडे एक इंजिनीअर कामाला असावा लागतो, तो घरातलाच असला तर काय वाईट? रेश्मा चिडली होती. "हातातली नोकरी सोडून बापाच्या मागं कुठं लागतेस गो?" पण पोरगी बापासारखीच. दिवाळी झाली आणि ती लॅपटॉप घेऊन ओटीवर ठाण मांडून बसली.

"बाबा, आता कामाचे दाखले द्या," ती म्हणाली.

"कसले दाखले?"

"तुम्ही जी कामं केलीत त्यांचे. ऑफिस देतं ना, अमुक ठेकेदारानं अमुक काम मुदतीत पूर्ण केलं म्हणून. तुमच्या नावाचे."

कुंडलिक हसला. मग हसायचा थांबला.

आता इथली रीत सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस काय खुळा होता का? खुळा नव्हता. मजूर संस्था म्हणून असतात, त्यांना लहान कामं वेगळी राखून ठेवलेली असतात, टेंडरची कटकट नाही. संस्था म्हणजे एक चेअरमन, एक शिक्का आणि पंधरावीस सभासदांची नावं, ज्यांतल्या निम्म्यांना आपण सभासद आहोत हे ठाऊक नसतं. काम निघालं संस्थेच्या नावानं की चेअरमन ते करणाऱ्याला देतो, आपला वाटा ठेवतो. कुंडलिकनं सोळा वर्षं अशीच कामं केली. चेअरमन आदेश त्याच्याच शाळेतला, बाकावर शेजारी बसलेला. यात कोणाला काही चोरी वाटत नव्हती. अहो, अख्खा तालुका असंच करतो. कुंडलिकचं स्वतःचं जिल्हा परिषदेचं लायसन होतं, नाही असं नाही. ते त्यानं काचेत घालून देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं. मुदत संपली की नवं करून आणायचा, हार घालायचा आणि परत संस्थेच्या नावानं कामाला लागायचा. लायसनवर टेंडर भरायचं म्हणजे स्पर्धा आली. कशाला ती डोकेदुखी?

तर तो आदेशकडे गेला. आदेशनं बसायला खुर्ची दिली, भजी मागवली.

"कुंडलिक, मागतोस काय तुला कळतंय का?" आदेश म्हणाला. "मी लिहून दिलं की ही कामं गोजरनं केली, तर संस्थेनं काय केलं? उद्या संस्था बंद. वर माझ्यावर केस."

"सोळा वरसं, आदेश. तू एकदा तरी साइटवर आलास का?"

"नाय आलो. पण कागदावर मीच आलोय. आनि तू कुठंच नायस." आदेश वाईट मनानं नाही बोलला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मला पन पोरंबाळं हायत रे."

कुंडलिकनं भज्याला हात लावला नाही. गावात आला तो सरळ शाळेच्या पडवीत जाऊन बसला. सुट्टीचा दिवस, आवारात चिटपाखरू नाही. ते खांब त्याच्या हातचे, ती फरशी त्याच्या हातची, आणि कागदावर तो कुठंच नाही. आपण जगलोच नाही की काय, असं त्याला वाटलं. एवढा मोठा बाप्या, पण रडू आवरेना त्याला.

दोन दिवस मनस्वी जिल्ह्याच्या याद्या चाळत बसली. तिसऱ्या दिवशी मनस्वी ओटीवरून ओरडली, "बाबा! बाबा, इकडं या! एक काम आहे तुमच्या नावावर!"

जिल्ह्याच्या यादीत होतं. मुरबाड तालुका, मोहाची वाडी, ओढ्यावर मोरी बांधणे. ठेकेदार कुंडलिक धर्मा गोजर. काम पूर्ण.

"नोंदणीच्या सगळ्यात खालच्या वर्गाला एक दाखला पण चालतो बाबा," मनस्वी नाचायचीच बाकी होती. "एकदा आत शिरू द्या, मग वर चढता येतं. पण हे मुरबाडचं काम तुम्ही कधी केलंत?"

"मी नाय केलं," कुंडलिक म्हणाला. "तुझ्या आत्याला ओवाळनी दिली ती."

खरंच दिली होती. चार वर्षांपूर्वीची भाऊबीज. कमळ, त्याची धाकटी बहीण, मुरबाडला दिलेली. तिचा नवरा हरेश सिमेंटच्या दुकानात बसून बसून कंटाळलेला आणि ठेकेदार व्हायचं खूळ डोक्यात घेतलेला. कमळनं ओवाळलं, कुंडलिकनं ताटात साडी ठेवली, तर तिनं साडी परत केली. म्हणाली, "दादा, साडी नको मला. ह्यांना तुझं लायसन दे एका कामापुरतं. हीच माझी ओवाळनी." हरेशदाजी दाराआड उभे होते, मान खाली घालून. बहीण ताट घेऊन पुढ्यात बसलेली, निरांजन पेटलेलं, अशा वेळी कोण नाही म्हणतो? आणि कुंडलिकला त्यात वावगंही काही दिसलं नाही. आपण इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर जेवलो, एकदा आपल्या नावावर बहिणीच्या घरचं कोणी जेवलं तर बिघडलं काय? उलट त्याला जरा मोठेपण वाटलं. आपलं नावही कोणाला मागावंसं वाटतं! हरेशनं दाखवलं तिथं तिथं त्यानं सह्या केल्या. कोऱ्या कागदांवरही केल्या. मोरी बघायला काही तो गेला नाही. दाजींच्या कामावर जाऊन ओळंबा लावायचा म्हणजे त्यांचा अपमान, असं त्याला वाटलं.

"देवानंच सुचवलं कमळला," रेश्मा म्हणाली आणि तिनं त्या दिवशी गोड केलं.

दाखला घ्यायला बाप-लेक ठाण्याच्या ऑफिसात गेले. कुंडलिकनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलापलीकडे इंजिनीअर मॅडम होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलायला साध्या. त्यांनी फाईल मागवली, चाळली. मग त्यातले फोटो काढून कुंडलिकपुढे सरकवले.

मोरी होती. म्हणजे कधीतरी असावी. स्लॅब एका बाजूनं ओढ्यात उतरलेला, मधून सळ्या बाहेर आलेल्या, त्याही सुतळीएवढ्या. बाजूची पंखभिंत मुळातूनच वाहून गेलेली. कुंडलिकनं फोटो उजेडाकडे धरला. खाली खडक लागेपर्यंत खणलंच नव्हतं, मातीवरच भिंत ठेवली होती. त्याचं डोकंच फिरलं. आपण कुठं बसलोय हेही तो विसरला.

"अरे, कोनी केलं हे?" तो ओरडला. "कोन हा हरामखोर? ह्याला तर उलटा टांगला पायजे!"

आजूबाजूचे कारकून बघायला लागले.

"तुम्ही केलंय," मॅडम म्हणाल्या.

मनस्वीनं बापाचा दंड धरला.

"दुसऱ्याच पावसात गेली. दुरुस्तीची जबाबदारी तुमची होती. तीन नोटिसा पाठवल्या, एकीलाही उत्तर नाही."

"मला नोटीस आली नाय मॅडम."

"पत्ता मुरबाडचा आहे. तुमच्याच सहीनं दिलेला. शेवटी गेल्या वर्षी तुमचं नाव काळ्या यादीत गेलं. तुमचं आहे ते लायसनही आता चालत नाही. राज्याच्या नोंदणीचं तर विसराच." मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि आवाजही खाली आणला. "गोजर, हे काम तुम्ही केलेलं नाही, असं आहे का? तसं असेल तर लिहून द्या. पण लायसन दुसऱ्याला वापरायला दिलंत, हे मग मला वर कळवावं लागेल. ज्यानं काम केलं त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. तुमच्यावरही होईल, पण काळ्या यादीतलं तुमचं नाव तरी निदान पुसलं जाईल."

मनस्वी हळूच म्हणाली, "बाबा, सांगा."

कुंडलिकच्या डोळ्यांपुढे कमळ आली. लग्नात चौदा दिवस मांडवात राबून त्यानं तिला पाठवली होती. तिच्या दारात पोलिसांची गाडी, तिची दोन पोरं ओट्यावर उभी, शेजारीपाजारी बघतायत. आणि ती गाडी पाठवणारा कोण, तर दादा.

"व्हय मॅडम," तो म्हणाला. "मीच केलं."

बाहेर जिन्यात मनस्वी रडली. "खोटं का बोललात? सगळं गेलं बाबा! आता काय राहिलं?"

"सही खोटी हाय का माझी?" कुंडलिक म्हणाला.

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "कल्याणला विचारते. जागा भरली नसेल तर घेतील." त्याला वाटलं होतं की ती भांडेल, आणखी आदळआपट करेल. ती तसं काही बोलली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोटारसायकल काढली आणि किन्हवलीवरून, सरळगाववरून मुरबाडला गेला. कशाला जातोय हे त्याचं त्याला नीट माहीत नव्हतं. हरेशची कॉलर धरावी असं शहापूर सोडताना वाटत होतं. सरळगावला पोचेपर्यंत तेही वाटेनासं झालं.

हरेश घरीच होता. ठेकेदारी कधीच सुटली होती, परत दुकानात बसत होता. मेव्हण्याचा चेहरा बघून त्याला सगळं कळलं. तो आत गेला, कपाटातून तीन लखोटे आणून पुढ्यात ठेवले. एकही फोडलेला नव्हता.

"मला वाटलं, गप बसलो की फाईल बंद व्हईल," हरेश म्हणाला. "तुला सांगायला तोंड नव्हतं रे. पाया खनायला घेतला आनि पानी लागलं. पंप लावायचा तर परवडत नव्हतं. वरचे लोक म्हनाले, टाका, चालतंय. मी टाकलं."

"मला एक फोन करायचास दाजी. एक! मी माझी मानसं घेऊन रातोरात आलो असतो!"

"तू ठेकेदार आनि मी नवशिका, हे कमळपुढं दिसलं असतं," हरेश म्हणाला.

कमळ आतून भाकरी थापता थापता बाहेर आली, हाताला पीठ तसंच. तिला मोरी पडल्याचं ठाऊक होतं. "दादा, तू एवढा मोठा मानूस," ती म्हणाली, "शापूर तालुका तुला ओळखतो. एका मोरीनं तुला काय फरक पडतोय, असं वाटलं मला. मोठी नोंदनी मिळाली का? मनस्वीनं फोनवर सांगितलं व्हतं."

काय सांगायचं हिला? सांगितलं तर ही आयुष्यभर भाऊबिजेला ताट हातात घेणार नाही.

"चाललंय," कुंडलिक म्हणाला. "वेळ लागतो त्याला."

तो जेवला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, कमळनं आग्रह करून तिसरी भाकरी वाढली, तीही खाल्ली. उठताना हरेशनं त्याचे पाय धरायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यानं त्याला खांद्याला धरून उभं केलं. त्याला हरेशचा राग येत नव्हता. राग यायला पाहिजे होता, आला असता तर बरं वाटलं असतं. एकदा ती मोरी बघावी, एवढंच मनात राहिलं होतं. आपल्या नावावरचं एकुलतं एक काम, तेही आपण बघितलेलं नाही.

मोहाची वाडी फाट्यापासून आत, डोंगराच्या बाजूला. माघाचे दिवस, ओढ्यात घोट्याएवढं पाणी. मोटारसायकल अलीकडेच लावून तो मोरीवर गेला. फोटोत होती त्याहून वाईट होती. त्यानं उकिडवं बसून काँक्रीटवर नख ओढलं तर वाळू सुटून हातात आली. बाजूलाच कामाचा फलक उभा होता. तो मात्र पक्का रोवलेला, जरासुद्धा कललेला नव्हता. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत कामाचं नाव, वर्ष, आणि खाली: ठेकेदार श्री. कुंडलिक धर्मा गोजर, शहापूर. त्याच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कुठल्याही कामावर त्याचं नाव लिहिलेलं त्यानं पहिल्यांदा बघितलं. कोणीतरी त्या नावावर शेण मारलेलं होतं, ते वाळून चिकटलं होतं. तरी वाचता येत होतं.

पलीकडच्या घरातून एक म्हातारी त्याला बघत होती. "ए बाबा, उन्हात काय करतंस? ये, पानी पी," तिनं हाक मारली. तो ओढा उतरून गेला. तिनं ओट्यावर बसायला गोणपाट टाकलं, तांब्याभर पाणी दिलं. बाईजा तिचं नाव. तिला वाटलं, हा ऑफिसचा माणूस.

"मोजायला आलास का रे? नवीन बांधनार हायत का?"

"म्हाइत नाय," कुंडलिक म्हणाला.

"बांधा बाबा. माझी सून गेली हितं." तिनं बोटानं ओढ्याचा काठ दाखवला. "बुधी. गेल्या सरावनात. पोटात कळा येत व्हत्या, पोरांनी झोळी केली, पन ओढ्याला हा एवढा पूर. गाडी पल्याड उभी, आमी अल्याड. सकाळधरनं बसलो. पानी उतरंना. मोरी व्हती तवा दोन मिनटांत जायाचो आमी. दुपारी पोर झाला, तो रडलाच नाय. मग ती पन गेली. गाडीवाला तिकडनं बघत व्हता, तो पन रडला."

कुंडलिकनं ओठांशी नेलेला तांब्या परत खाली घेतला.

"ज्यानं बांधली ना ही मोरी, तो शापूरचा हाय," बाईजा म्हणाली. "मला वाचता येत नाय, पन नाव पाठ हाय. पोरांकडनं वाचून घेतलंय. कुंडलिक धर्मा गोजर. रोज सांच्याला दिवा लावते आनि त्याचं नाव घेऊन देवाला सांगते, ह्याच्या घरात दिवा लावाया कोन ऱ्हाऊ नये." ती हे रागानं नाही, रोजचं काम सांगावं तसं बोलली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुझं नाव काय रे बाबा? कुठचा तू?"

दुसरं कुठलंही नाव चाललं असतं. रघू म्हणाला असता, भावेश म्हणाला असता, तर म्हातारीनं दुसरा तांब्या भरून दिला असता. मी नाही केलं, हेही सांगता आलं असतं आणि ते खरं होतं. पण त्याच्या डोक्यात ओळंबा होता, जो त्यानं दाजींचा मान राखायचा म्हणून इथं आणून लावला नव्हता. एक दिवस आला असता, नुसता पाया बघायला आला असता, तर ही सून आज या ओट्यावर बसली असती.

"शापूरचा," तो म्हणाला. "कुंडलिक धर्मा गोजर."

चेष्टा करतोय का, हे बाईजानं आधी बघितलं. मग तिला कळलं. पुढं येऊन तिनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला, उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि घरात जाऊन आतून कडी घातली.